लुटारूंचा खड्डा, क्रमांक चार

मी खापरं काढते.
म्हणजे कागदावर, मिलिमीटरच्या चौकटींवर,
डावीकडे काप, उजवीकडे बाहेरचं अंग,
मधे एक उभी रेघ,
जणू घागर दाराआड अर्धी उभी आहे
आणि पाहुण्यांपुढे यायला लाजते आहे.

बोटभर काठ हाती लागला तरी पुरतो.
वर्तुळांच्या तक्त्यावर तो सरकवत न्यायचा,
कुठल्यातरी वळणाला चपखल बिलगतो,
आणि कळतं : तोंडाचा व्यास एकोणीस.
उरलेली घागर मग हिशेबानं भरून येते.
माणसांचं असं निघत नाही.
निदान माझ्या वडिलांचं नाही निघालं.

तेओदोमिरो ल्योन्तोप. याच टेकाडावर ते रात्री खणायचे.
टेकाड कसलं, कच्च्या विटांचा डोंगर,
पंधरा-वीस वर्षांनी एकदा पिसाळून येणाऱ्या पावसात
थोडा थोडा ओघळलेला.
त्यांच्याकडे छातीएवढी लोखंडी सळई होती.
खुपसायची, उपसायची,
टोकाची माती जिभेवर ठेवायची.
"मेलेल्यांची माती गोडसर असते," म्हणायचे.
आई म्हणायची, ह्यांना कालवणात मीठ नाही
तेसुद्धा कळत नाही.

गुड फ्रायडेच्या रात्री
देव मेलेला असतो, राखणीला कोणी नसतं,
टेकाड आपली दारं उघडी टाकतं,
आमच्याकडे सगळेच असं धरून चालतात.
त्या रात्री कंदील धरायला मी. सहा वर्षांची.
अख्खं भांडं निघालं तर चिक्लायोचा माणूस रोख मोजायचा.
फुटकं निघालं तर वडील
मागे न बघता खांद्यावरून भिरकावायचे.

त्या भिरकावलेल्या ढिगावर आज माझं पोट आहे.

"किती थर नासवलेत बघ मेल्यांनी!"
लिमाच्या बाई खड्ड्याच्या काठावर उकिडव्या बसून बोलतात.
"हे खापर आता कोणावर फोडायचं?"
मी पेन्सिलीला टोक करते.
टोक पुरेसं झालं तरी करत राहते.

परवा एका गळ्याच्या आत,
जिथे कोणी बघणार नव्हतं अशा जागी,
अंगठ्याचा ठसा सापडला. इवलासा.
माझी करंगळीही त्यात मावेना.
मोर्रोपेची माझी मावशी अजून फळी-गोट्यानं मडकी थापते,
थप, थप, मधेच पोराला शिवी, पुन्हा थप.
तशाच एखादीचं पोर असेल हे,
दीड हजार वर्षांपूर्वी ओल्या मातीशी खोडी काढणारं.
आमचं नातं काय, सांगता येत नाही.
घरात पणजीच्या पलीकडे नावं संपतात.
ती भाषाही संपली, आडनाव मागे राहिलं,
त्याचा अर्थ विचारायला गावात कोणी नाही.

आणि आज, मंगळवारी,
चार नंबरच्या खड्ड्यातून पाटीभर भराव वर आला :
कंदिलाची फुटकी काच,
गंजलेलं सार्डिनचं डबडं,
आणि टायर कापून केलेली एक सपाता,
पट्टा तुटलेला, निळ्या नायलॉननं बांधलेला.
ती गाठ आईची. दोन वेढे आणि एक उलटा.
त्या रात्री मी वडिलांच्या खांद्यावरून घरी आले,
आणि सपात कुठे गेली, या प्रश्नाला ते म्हणाले,
टेकाडानं ठेवून घेतली.
आई आठवडाभर बोलली नाही.

"आधुनिक," बाई मान वर न करता म्हणाल्या.
"लुटारूंची असणार. टाकून दे."

जेवणाच्या सुट्टीत सगळे आल्गारोबोच्या सावलीला गेले.
मी नवा कागद घेतला.
डावीकडे काप, उजवीकडे बाहेरचं अंग,
मधे उभी रेघ.
लांबी सतरा सेंटिमीटर.
टाच बाहेरच्या अंगाला जास्त झिजलेली.

टेबलाखाली पाय उचलून पाहिला.
हल्लीच घेतलेत हे बूट.
तिथेच झिजायला लागलेत.